तिसरीच्या वर्गातली अगरबत्ती

दीपाला वास सोसत नसे. अगरबत्तीचा धूर, फिनेल, अत्तर, ठेवणीतल्या साडीचा डांबरगोळ्यांचा वास, काहीही नाकाशी आलं की आधी डोळे चुरचुरत, मग खोकल्याची उबळ येई आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज निघू लागे. यशोधरानं, तिच्या आईनं, घरातून पावडर घालवली, वासाचं तेल घालवलं. बुद्धाच्या मूर्तीपुढची अगरबत्तीसुद्धा बंद केली. नुसतं फूल वाहायचं.

पण शाळा काही घरची नव्हती. शेवगावातली ती नावाजलेली शाळा. अंगणवाडीत काम करणाऱ्या यशोधरानं तिथं लेकीला घालायला चार खेपा घातल्या होत्या. सत्त्याण्णव साली दीपा तिसरीत गेली आणि त्याच वर्षी प्रत्येक वर्गात सरस्वतीच्या तसबिरीपुढं अगरबत्ती लावून प्रार्थना सुरू झाली. दोन महिन्यांत तीनदा पोरीला उचलून घरी आणावं लागलं. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: हिला उग्र वासापासून लांब ठेवावं, शाळेनं सहकार्य करावं.

मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांनी चिठ्ठी वाचली आणि परत तिच्यापुढं सरकवली.

"फिनेलचं बघू. पण अगरबत्ती सरस्वतीपुढं लागते, बाई."

"नुसती फुलं वाहिली तर, सर? नाहीतर शाळा सुटल्यावर लावा."

सर हसले. "तुमच्या लोकांना अगरबत्तीच का खुपते, ते कळतं आम्हाला."

यशोधराची कानशिलं तापली. "आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढंसुद्धा लावत नाही आम्ही. पोरीसाठी बंद केली."

"तुमच्या घरात तुमचं चालतं. इथं दोनशे मुलं आहेत."

तिसऱ्या दिवशी सरांनीच तोड काढली. दीपाचं बस्कर वर्गाबाहेर, व्हरांड्यात टाकलं. मोकळी हवा, शिवाय दारातून फळा दिसतो. वर्गशिक्षिका रेश्मा मॅडम म्हणाल्या, "सरांनी केवढं मनावर घेतलं बघा."

दीपा खूश होती. "आई, आज एकदापण खोकला नाही आला!" ती घरी येऊन सांगायची, आणि यशोधराला हसावं की रडावं ते कळायचं नाही. सासऱ्यांना, सहादूंना, तिनं यातलं काही सांगितलं नाही. ते लहानपणी तिसगावाकडच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसून शिकले होते. गुरुजी त्यांची पाटी हातात घेत नसत, लांबूनच बघत. ही गोष्ट ते फारशी काढत नसत.

एक दिवस दीपा डबा विसरली आणि तो द्यायला सहादू शाळेत गेले. परत आले ते जेवलेच नाहीत.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय, मामा. आत बसली तर दम कोंडतो तिचा."

"मग अगरबत्ती भायेर काढायची. पोरगी कशापायी काढली?"

यशोधरा चुलीकडं तोंड करून बसली. सरांना विचारायचं ते आपण याच शब्दांत विचारलं नाही, हे तिला तेव्हा लागलं.

जानेवारीत तपासणीला साहेब यायचे होते. मालनबाई तिथल्या शिपाईण. त्यांना सरांनी सगळे वर्ग फिनेलनं दोनदा पुसायला लावले. प्रत्येक तसबिरीपुढं अगरबत्त्यांचा जुडगा लागला, दारात गुलाबपाणी शिंपडलं. व्हरांड्यातली पोरगी साहेबांना दिसायला नको म्हणून रेश्मा मॅडमनी तिला आत नेऊन तिसऱ्या रांगेत बसवलं. "आजचा दिवसच गं. नाकाला रुमाल लाव."

पुढचं यशोधराला मालनबाईंकडून कळलं. "मी म्हनलं मॅडमला, पोरीचं व्हट निळं पडाया लागल्यात. त्या म्हनल्या, सायेब जाऊ द्या." साहेबांनी नेमका दीपालाच तेराचा पाढा विचारला. पोरगी उभी राहिली, तेर चोक बावन्नपर्यंत आली आणि खाली कोसळली.

साहेबांच्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. यशोधरा धावत पोचली तेव्हा लेकीच्या नाकाला नळी होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. दुसऱ्या दिवशी ती बोलली. "आई, पाढा मला येत होता."

राधाकृष्ण सर बिस्किटांचा पुडा घेऊन आले. खाटेपाशी न जाता दारातच उभे राहिले. "इतकं नाजूक मूल सांभाळणं आमच्यानं होणार नाही. उद्या काही झालं तर शाळेचं नाव जायचं. तुम्ही दाखला घेऊन जा."

ती शाळेच्या कचेरीत गेली तेव्हा दाखला तयारच होता. शाळा सोडण्याचं कारण: पालकांची इच्छा.

"हे खोटं आहे," यशोधरा म्हणाली. "पोरीला वास सोसत नाही आणि शाळा अगरबत्ती बंद करत नाही, असं लिहा."

कारकुनानं वर न बघता सांगितलं, "असं कुठं लिहितात व्हय? अर्जावर सही केली तर दाखला. दाखला नसंल तर दुसरी शाळा घेणार न्हाई. वर्ष जाईल पोरीचं."

तिनं सरांच्या दाराकडं पाहिलं. सर आतच होते. पडद्याखाली त्यांच्या वहाणा दिसत होत्या. तिनं हाक मारली नाही. सही केली.

चार किलोमीटरवरच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा होती, एका खोलीची. तिथले मच्छिंद्र गुरुजी बोलायचालायला साधे. धूप नको, फिनेल नको म्हटल्यावर, "मग नको की," एवढंच म्हणाले आणि दीपाला आत बसवून घेतलं. मग चष्मा लावून त्यांनी दाखला वाचला.

"एवढी चांगली शाळा," ते हळहळले, "तुमी आपनहून सोडली व्हय, बाई?"

खरं सांगायचं म्हटलं असतं तर सरस्वतीपासून सुरुवात करावी लागली असती. गुरुजींच्या टेबलामागंही तिची तसबीर होती.

"व्हय," यशोधरा म्हणाली.