लोटनची बॅटरीची सायकल

पुनाला दीपनगरच्या वीजघरात नोकरी लागली, आणि घरात पेढे वाटायचे सोडून भांडण लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि तिकडेच राहायचं होतं. पुना म्हणाला, "मी नही जास. दादा, तुले चोपड्याले कोन लई जाई?"

प्रश्न रास्त होता, म्हणून तर त्याच्या थोरल्या भावाला, लोटनला राग आला. त्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला. चोपड्याला रतिलालशेठच्या दुकानात तो विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. हात असा सफाईचा, की लोक त्याच्यासाठी दोन-दोन दिवस थांबत. पण गावापासून चोपडा सात किलोमीटर, आणि एस.टी.च्या पायऱ्यांवरून तो दोनदा पडलेला. अकरा वर्षं पुना त्याला रोज सायकलवर डबलसीट नेऊन सोडत होता, संध्याकाळी परत आणत होता, आणि मधल्या वेळात लोकांच्या केळीत राबत होता. स्वतःचं काही बघायला त्याला सवडच मिळाली नाही. कधी कुरकुर नाही, कधी उपकाराचा शब्द नाही. त्यामुळेच लोटनला त्याचं फार वाटे, आणि बोलता मात्र कधी येत नसे.

"पंधरा दिवसांत माझी मी गाडी करतो," लोटन म्हणाला. "चालली तर तू जायचंस. मुकाट्याने."

भंगारातून ट्रकचा जुना डायनॅमो आला. तो उलटा वापरला की मोटर होतो, हे लोटनला ठाऊक होतं. तो त्याने घरच्याच सायकलच्या मागच्या चाकाला जोडला. मोटारगाड्यांच्या टाकाऊ बॅटऱ्या फोडून त्यातले दोन-दोन व्होल्टचे बारा सेल निवडले. तारा जोडायची झिजलेली शिशाची डोकी त्याने एकाच साच्यात नव्याने ओतली, म्हणून पॉझिटिव्ह कुठलं नि निगेटिव्ह कुठलं, हे नुसतं बघून कळेना. मग दुकानातल्या मीटरने तपासून त्याने प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्ह डोक्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका दिला. तांबडा रंग आणायचा कंटाळा, दुसरं काय! पुढचं काम सोपं होतं: एकाचं तांबडं डोकं दुसऱ्याच्या कोऱ्या डोक्याला, अशी बाराही सेलची माळ करायची.

दसऱ्याच्या सकाळी त्याने माळ जोडली, बटण दाबलं. मोटर नुसती हुं हुं करून गप्प झाली. सेल उतरले असतील म्हणून त्याने दोन तास चार्जरवर ठेवले. पुन्हा बटण दाबलं, तर आता हुंकारही निघेना. पुना ओट्यावर बसून बघत होता. आता जायला नको, या विचाराने त्याचा चेहरा मोकळा झालेला लोटनने पाहिला.

तेवढ्यात त्यांची माय, धुरपदाबाई, कौतुकाने म्हणाली, "मी त्यासनी पूजा करी टाकी सकायमा. बठ्ठा सेल ओल्या फडक्याघाई पुसी काढात, नि एकेकले टिळा लावा."

"कुठल्या डोक्यावर, माय?"

"जे समोर दिसनं त्यावर!"

लोटन कपाळाला हात लावून बसला. मायचे टिळे त्याने आपलेच ठिपके समजले होते, म्हणून माळेत काही सेल उलटे लागले होते, आणि चार्जर त्यांना भरण्याऐवजी उपसत होता. रागावणार कुणावर? मायने दसऱ्याला हत्यारं पुजली होती, आणि त्यात सेल गाळले असते तर तिलाच रुखरुख लागली असती. मीटर दुकानात होता, आणि पूजा करून बंद केलेलं दुकान शेठ उद्याशिवाय उघडणार नव्हता.

"माय, बटाटे दे," तो म्हणाला.

माळ सोडवून त्याने प्रत्येक सेलच्या दोन तांब्याच्या तारा अर्ध्या कापलेल्या बटाट्यात खोचल्या. थोड्या वेळाने एका तारेभोवती हिरवट डाग उमटे. ते पॉझिटिव्ह. उतरलेल्या सेलचा डाग यायला फार वेळ लागला, पण आला. बारातले चार उलटे निघाले. पुन्हा माळ जोडली, चार्जर लावला, आणि दोन तासांत लाइट गेली ती त्या दिवशी आलीच नाही.

तेवढ्यावर सायकलने मारुतीच्या पाराला दोन फेऱ्या मारल्या. पोरं मागे धावली, मायने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. पण गाडी चढाला मंदावतेय, हे लोटनच्या बुडाला बरोबर कळलं. ते चार सेल अजून निम्मेही भरले नव्हते. सात किलोमीटर जाणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"गाडी ठीक शे ना, दादा?" पुनाने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"बठ्ठं ठीक शे," लोटन म्हणाला. आयुष्यात इतकं सरळ खोटं तो पहिल्यांदाच बोलला होता.

सकाळी तो पुनाच्या आधी निघाला. पाच किलोमीटर गाडी छान पळाली. गार वारा तोंडावर आला, दोन्ही बाजूंची केळी मागे पडत गेली. पुढे कोणाची पाठ नाही, असा तो रस्ता तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. मग मोटर हळू झाली आणि थांबली. लोटन उतरला, हँडलवर भार टाकला आणि सायकल ढकलत, तिच्याच आधाराने पाय ओढत चालू लागला.

मागून सातची एस.टी. आली. खिडकीतून पुनाने पाहिलं आणि आरडाओरडा करून गाडी थांबवली. पिशवी घेऊन तो दारात आला, एक पाय खाली टाकणार तोच लोटन ओरडला, "उतरू नको! उतरना तर परत तोंड नही दखाडू!"

"तू खोटं बोलना, दादा!"

"हा, बोलनू! तू अकरा साल माले वाही नेलं रे. कधी बोलनू नही मी, आते बोलस. तुनामुये माना हातले काम शे. तुनामुये मी मानूस शे. हाई दोन किलोमीटर मी चाली लिसू. जाय!"

कंडक्टर घंटीची दोरी धरून तसाच उभा राहिला. पुना पायरीवर रडत होता, आणि लोटन रस्त्यावर. शेवटी पुनाने पाय आत घेतला.

एस.टी. वळणाआड जाईपर्यंत लोटनने हात वर धरून ठेवला. दुकानात पोचायला त्याला साडेआठ झाले.