फाटकाबाहेरची खुर्ची

माणसाला माणसापासून तोडणारी खरी शक्ती पैसा नव्हे, राजकारण नव्हे, तर चप्पल होय, असा सिद्धांत तात्यांनी मांडला. श्रोत्यांत एकटी त्यांची लेक होती, आणि ती बंद फाटकाबाहेर चपलांसकट उभी होती.

"म्हणजे आजही आत घेणार नाही," ती म्हणाली.

"सासूबाईंच्या कोंबड्या आहेत ना अजून?"

"आहेत. तुमची चौकशी करतात."

तात्या एका कंपनीची ब्रॉयलर शेड सांभाळत. आत हजारो पांढरे पक्षी, आणि बाहेर त्यांच्यावर टपलेले जंतू. जंतूला पाय नसतात. तो उंदराच्या, चिमणीच्या आणि सगळ्यांत जास्त माणसाच्या पायांनी येतो, ही तात्यांची शिकवण. फाटकाबाहेर औषधाच्या पाण्याचा टब होता. बूट बदलून त्यात बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरांनाही तात्यांनी एकदा लहान मापाचे गमबूट चढवले होते. साहेब आठवडाभर लंगडले, पक्षी ठणठणीत राहिले. ज्याच्या घरी कोंबड्या, त्याला मात्र बूट बदलूनही प्रवेश नाही. हा नियम तात्यांनी केला तेव्हा लेकीचं लग्न ठरायचं होतं.

तिच्या घरी जाऊन आलं, तर दोन दिवस शेडमध्ये पाऊल टाकता येत नसे, आणि बदली माणूस कंपनी देत नसे. राहता राहिला एकच मार्ग. सगळे पक्षी गेले, शेड धुऊन झाली, चुना मारून झाला, की नवी पिल्लं येईपर्यंतचे रिकामे दिवस. तेव्हा लेकीनं शेडशेजारच्या खोलीत यावं, पाय वर घेऊन बसावं, हवं तेवढं बोलावं. त्यासाठी तात्यांनी या खेपेला एक नवी हातवाली खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर ते स्वतः कधी बसले नाहीत. पुसत मात्र रोज.

रिकामे दिवस याच आठवड्यात यायचे होते. पण कंपनीनं निम्मेच पक्षी उचलले. उरलेले अजून वाढवायचं ठरवलं. आणि परवा जावयाची बदली होती, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. कोंबड्या इथेच राहणार होत्या. लेक जाणार होती.

"काल पक्षी धरायला आलेली माणसं बरी आत आली," ती म्हणाली. "तीसुद्धा चार शेड फिरूनच येतात ना?"

"कंपनीची माणसं. माझं ऐकतात थोडीच! टबावरून उड्या मारून आत घुसले लेकाचे."

"आणि मी?"

"तू ऐकतेस."

ती हसली नाही. तात्यांचा हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकलीसुद्धा. तेवढ्यात शेडमधून कलकलाट उठला. कालच्या धरपकडीत ओरखडलेले, भेदरलेले पक्षी कोपऱ्यात एकमेकांवर दाटले होते. आजारी पडायला अशांना निमित्तही लागत नाही. तात्यांनी कडी परत लावली.

"थांब हं जरा."

ते खोलीतून खुर्ची डोक्यावर घेऊन आले आणि फाटकावरून त्यांनी ती बाहेर उतरवली. मग आतल्या बाजूला बादली उपडी घालून तिच्यावर बसले.

लेकीनं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "बाबा, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाहीत?"

"म्हटलं, तूच काढ."

तिनं ते सावकाश सोललं. घडी करून पिशवीत ठेवलं. मग पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी. फाटकाच्या जाळीच्या चौकोनांतून तात्या तिच्याकडे बघत राहिले. ऊन फाटकावरून उतरून गेलं.

शेवटी ती उठली.

"बाळा, एक ऐकशील?" तात्या बादलीवरून उठले.

तिचे डोळे भरले. "बोला ना, बाबा."

"खुर्ची परत देताना तिचे चारही पाय टबात बुडवून दे."