मी बॉम्ब नव्हे, भागाबाईचा डबा

थांबा, पळू नका! मी बॉम्ब नाही. मी शिरपूरजवळच्या भागाबाईचा कडीचा डबा बोलतोय. एकदा धुळ्याचं अख्खं एसटी स्टँड मी पळवलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

१९८२ साली भागाबाईचा मुलगा लोटन ट्रक चालवायला इराकला निघाला. तिने माझ्यात ठेचा कोंबला आणि मला त्याच्या पिशवीत घातलं. तिकडे लढाई चालू आहे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही पोचल्यावर कळलं. बसऱ्याजवळ एक छर्रा लोटनच्या पोटाकडे निघाला होता, मध्ये मी आलो. माझा हा पोचा त्याचाच.

इद्रिस नावाचा सुदानी ड्रायव्हर त्याच्याबरोबर माझ्यातच जेवायचा. तोफा सुरू झाल्या की दोघं ट्रकखाली पडून देवाधर्माचं बोलत. लोटनने पुष्कळ विचार केला, मग कलमा पढला आणि युनूस झाला. गावात कोणी म्हणालं पैसे मिळाले, कोणी म्हणालं बाई मिळाली. अहो, मी तिथेच होतो! मिळाला तो इद्रिसच्या वाट्याचा अर्धा खजूर.

पुढे कुवेतची लढाई झाली. सुरुंग काढणाऱ्यांची गाडी चालवता चालवता युनूस सुरुंग ओळखायलाही शिकला. मग आम्ही परतलो. त्याचे काका पुनानाना, घरातले वडीलधारे, दारातच आडवे आले. "उंबरा वलांडू नको," म्हणाले. त्याने धुळ्यात खोली घेतली. मी चिंधा कंडक्टरबरोबर भाकरी घेऊन जायचो आणि रिकामा परत यायचो.

त्र्याण्णव साली मुंबईत स्फोट झाले आणि इकडे जी ती पिशवी बेवारस वाटू लागली. नाशिकहून बॉम्बपथक येईपर्यंत एक पोलीस साहेब युनूसला बोलवायचे, "जरा बघा हो." दुसरे साहेब त्याच्याच खोलीची झडती घ्यायचे. तो दोघांनाही चहा पाजायचा. एका पिशवीतून जिवंत कोंबडी निघाली, तेव्हा तो इराकमध्येही घाबरला नसेल इतका घाबरला!

त्याच श्रावणात आमची खानदेशी देवी, कानबाई, घरी आली. आमच्याकडे घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याचा रोट, म्हणजे निवदाची जाड पोळी, करतात. तो घरच्यांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. नानांनी लोटनचं नाव गाळलं. ते तंबाखू मळायला वळले आणि भागाबाईने झटकन गहू वाढवले. देवीला दाखवलेलं युनूस खात नाही, म्हणून रोट झाल्यावर निवद दाखवण्याआधीच तिने लेकाचा वाटा माझ्यात काढला. "त्याना अल्ला बी रागवाव नही, मनी कानबाई बी," ती मला म्हणाली.

रोट परक्याच्या हाती जात नाही, मग चिंधाकडे कसा द्यायचा? भागाबाईचे डोळे अचानक दुखू लागले. धुळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला नेमके नानाच निघाले! स्टँडवर त्यांची नजर तिच्या पदराखालच्या माझ्याकडे वळणार, तोच तिने मला बाकाखाली सरकवलं. ती चार पावलं गेली असेल नसेल, झाडूवाला ओरडला, "बॉम्ब!"

स्टँड रिकामं झालं. पोलिसांनी दोरी बांधली. नाना शेजारी उभे, त्यामुळे भागाबाईच्या तोंडून 'मना डबा' काही निघेना. मला तिथेच उडवून टाकायचं बोलणं चाललं होतं. मी गेलो तर लेकाचा वाटाही जाणार होता.

पहिल्या साहेबांनी बोलावलेला युनूस आला. पोटावर सरपटत जवळ आला आणि त्याला माझा पोचा दिसला. तो गदगदा हसू लागला, तशी गर्दी आणखी मागे पळाली. त्याने कडी काढली. आत रोट होता. त्याने मान वर केली, दोरीपलीकडे आई दिसली आणि त्याचं हसू थांबलं. आपली मूठ घरात अजून धरतात, हे त्याला कळलं होतं.

"काय आहे?" साहेबांनी लांबून विचारलं.

"कानबाईचा रोट, साहेब."

"हात्तिच्या! मग द्या एक तुकडा."

युनूसने माझं झाकण लावलं. "माफ करा, साहेब. हा घरच्यांनीच खायचा असतो."

पुनानाना दोरीखालून वाकून आत आले. "तरीच पीठ जास्ती व्हयनं!" ते भागाबाईवर गरजले. तिने डोळे मिटून घेतले. मग नाना युनूससमोर मांडी घालून बसले.

"ए लोटन... युनूस... जे व्हशी ते. मी घरना शे ना? दे मंग."

आता माझी कडी सैल झाली आहे आणि मी घरच्या फळीवर बसून असतो. बेवारस डबा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना सांगा. फक्त मला बाकाखाली सरकवू नका. युनूसचा रोट आता नाना स्वतः माझ्यात भरतात आणि उघड्यावर, मांडीवर घेऊन नेतात.