बिस्किटांच्या डब्याचा सूड

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मी भयंकर चिडलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना आधी जन्म, मग पुढचं, असं रीतसर सांगायचं असतं. तसंच सांगतो. मध्येच राग उफाळून आला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म आजोबांच्या हातून झाला. तेव्हा ते आजोबा नव्हते, बाजारामागच्या गल्लीत पत्र्याचे डबे करायचे. पत्रा कापायचा, कडा वळवायच्या, सांध्याला कथील वितळवून डाग द्यायचा आणि शेवटी डबा उलटा धरून चार गुद्दे हाणायचे. टिकला तर विकायचा. मी मात्र विकण्यासाठी नव्हतोच. त्यांचा मुलगा तेव्हा लहान होता आणि साखर चोरून खायचा. विचारलं तर "मुंग्यांनी नेली," म्हणून मोकळा! आजोबांनी त्याला मारलं नाही, चारचौघांत चोरही म्हटलं नाही. त्यांनी मला घडवलं. माझ्या झाकणाच्या कडेला एका जागी अंगठा दाबून झाकण जरासं फिरवलं, तरच ते फट्ट करून उघडतं. पोरगा माझ्याशी झटापट करून करून थकला आणि सुतासारखा सरळ झाला. निदान तेव्हा सगळ्यांना तसं वाटलं.

पुढे प्लॅस्टिकचे डबे आले, दुकान बंद झालं. संधिवाताने आजोबांची बोटं वाकडी झाली. मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बिस्किटं सांभाळत बसलो. सूनबाईला माझी खुबी कधी जमली नाही. ती चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटायची आणि माझ्या अंगावर ओरखडे उठवायची. तेही मी सोसलं.

मग बिट्टी मोठी झाली. बिट्टी म्हणजे त्यांची नात, वय सहा, पुढचे दात पडलेले, चेहरा अगदी गरीब गायीचा. बोटं थोडीफार चालत होती तेव्हा आजोबांनी एकदा खेळ म्हणून तिला माझी खुबी दाखवली होती. ते विसरले, ती विसरली नाही. दुपारी आजोबांचा डोळा लागला की स्टूल ओढायची, अंगठा दाबायची आणि फट्ट! एक तोंडात, बाकीची खिशात.

आजोबांना मधुमेह. डॉक्टरांनी गोड अगदी बंद केलेलं. डबा रिकामा होतोय हे दिसल्यावर सूनबाईने बिट्टीला विचारलं.

"आजोबा खातात," बिट्टी म्हणाली. "मी पाहिलं ना!"

अस्सा संताप आला मला! सूनबाईने मला उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. "चमच्याचा नवा ओरखडा नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे न उचकटता उघडलाय. ही युक्ती बाबांशिवाय कोणाला येते?" वा गं वकीलबाई! माझंच अंग साक्षीला धरलंस.

मग त्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून लहान पोराला विचारावं तसं विचारलं. "बाबा, खरं सांगा, कोणी रागावणार नाही." ते म्हणाले, "मी नाही रे खाल्ली." रोज तोच प्रश्न. शेवटी एके दिवशी ते खाली मान घालून म्हणाले, "खाल्ली असतील. आठवत नाही मला." मित्रांनो, ज्याने दुसऱ्याच्या पत्र्याचा तुकडा कधी इकडचा तिकडे केला नाही, तो माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला. त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना इंगा दाखवल्याशिवाय राहायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी मुलगा लोखंडी कडी घेऊन आला. आजोबांच्या खोलीला लावायची, आणि तीही बाहेरून. "आम्ही कामावर असताना तुम्ही आतच राहा. शेजारच्या मावशी जेवण देतील. तुमच्या तब्येतीसाठीच करतोय," तो म्हणाला.

"अरे, मला तो डबा उघडतच नाही आता," आजोबा म्हणाले. "बोटं बघ माझी."

"उघडत नाही? मग बघू तरी, आमच्यासमोर करा!" असं म्हणून त्याने मला त्यांच्या मांडीवर आदळलं.

मी दातओठ खाऊन झाकण आवळून धरलं. आजोबांचा अंगठा घसरला, पुन्हा घसरला. कळ डोक्यात गेली, डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी घडवलं त्यांनाच छळताना माझं काय झालं असेल ते मलाच ठाऊक. पण मी सैल पडलो असतो, तर ते कायमचे कोंडले गेले असते.

"मुद्दाम करताय," मुलगा म्हणाला. सूनबाई खिडकीबाहेर बघायला लागली. आजोबांनी परत जोर लावला.

बिट्टीला ते बघवेना. ती धावत पुढे आली. "आजोबा, तसं नाही! अंगठा इथे, आणि मग फिरवायचं!"

फट्ट!

इतक्या आनंदाने मी जन्मात उघडलो नव्हतो. सगळे तिच्याकडे बघतच राहिले.

"मला आत्ताच सुचलं," बिट्टी म्हणाली.

सूनबाईचा हात वर गेला. हाण, मी मनात म्हणालो, सणसणीत हाण! पण मुलाने तिला अडवलं. "लहान आहे गं. प्रेमाने समजावू." प्रेमाने म्हणे! म्हाताऱ्याला कडी, आणि हिला प्रेम!

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "मला कोंडणार होते, माहीत होतं तुला?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मग मला कोंडतील," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. "चुकलं, आजोबा."

खरं सांगतो, तिच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला आणि सगळा तिच्या बापावर जाऊन बसला.

"चला, मिटलं," तो म्हणाला.

"चुकलं हो, बाबा," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली.

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "आता तू म्हण."

"मी? पोरीसमोर?"

"पोरीसमोरच."

बिट्टी रडायची थांबली आणि बापाच्या तोंडाकडे बघू लागली. त्याने जमिनीवरचे स्क्रू गोळा केले, कडी खिशात कोंबली. "मी कुठे तुम्हाला कोंडत होतो? ही कडी बाथरूमसाठी आणलीय," तो म्हणाला.

बिट्टीने ते नीट ऐकून घेतलं.

तेव्हापासून मी त्या माणसाला उघडत नाही. चमचा आणतो, सुरी आणतो, दोनदा तर बोट चिमटून रक्त काढलंय मी त्याचं. रोज सकाळी तो बिट्टीला "खरं बोलत जा," म्हणून शिकवतो, आणि ती मान डोलावते. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना तेलपाणी करा, असं मी आता सांगायला हवं. नाही सांगत. माझ्या कडांना गंज चढतोय, खुशाल चढू दे. तो माणूस आपल्या बापाला "चुकलं" म्हणत नाही, तोवर मला कोणी तेलाचा थेंब लावू नका.