शेजाऱ्याचा आकडा

काल संध्याकाळी चूक सापडली तेव्हा अर्गिरो प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या पिटत नाचली होती. तीन महिने त्या चुकीनं तिचा जीव खाल्ला होता.

त्यांच्या चिपवर पाचशे बारा कोर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग. प्रत्येक कोर मोठ्या मेमरीतले आकडे आपल्यापाशी उतरवून घेतो, बदलतो, परत ठेवतो. इतर चिपमध्ये कुणाची प्रत शिळी झाली हे यंत्रच बघतं. इथं ती उसाभर प्रोग्रामनं करायची, म्हणजे अर्गिरोनं. त्यात आकडा सुटा उचलता येत नाही, सोळा आकड्यांची ओळच्या ओळ उचलावी लागते. दोन कोरांचे आकडे एकाच ओळीत पडले होते. एकानं आपला आकडा बदलून ओळ परत ठेवली, की शेजाऱ्याचा ताजा आकडा जाऊन तिथं जुना बसायचा. दोघंही नियमानं वागत होते, तरी एकाची मेहनत मातीत जात होती. अर्गिरोनं दोन्ही आकडे वेगळ्या ओळींत टाकले. मग तीन तास मशीन चाललं, उत्तराची बेरीज एकदाही चुकली नाही.

आज परीक्षक आले होते. बंदरातल्या लाटांचं गणित चाळीस मिनिटं न थांबता चालायला हवं, आणि पाण्याची एकूण बेरीज तसूभर बदलता कामा नये. जमलं तर पुढच्या तीन वर्षांचं अनुदान पक्कं. नाहीतर जूनमध्ये सगळ्यांच्या हाती नारळ, आणि अर्गिरोला इराक्लिओसारख्या शहरात दुसरं कोण विचारणार?

प्रयोगशाळेच्या प्रमुख कालिओपी मॅडमनी मशीन सुरू केलं. मोठ्या पडद्यावर लाटा उठल्या, खाली बेरजेची हिरवी पट्टी; बेरीज बिघडली की ती लाल होणार. मागच्या रांगेत पडद्यावरची चित्रं बघणाऱ्या सहकारी मिनासनं चीजच्या करंज्यांचा डबा अर्गिरोपुढे सरकवला.

“खा गं. आईनं मुद्दाम केल्यात.”

“आत्ता घशाखाली उतरणार नाही.”

“पडद्याचे रंग बघ ना तरी! काल किती मरतुकडे होते. सकाळी येऊन दोन ओळी बदलल्या.”

“कुठं बदलल्यास?”

“माझ्या लॅपटॉपवर. मग मशीनवर चढवलं.”

“त्या दोनच ओळी ना?”

“छे, नेहमीसारखा अख्खा फोल्डर.”

“मिनास, तुझा फोल्डर कधीचा होता?”

“परवाचा. का गं?” विचारता विचारताच त्याचा चेहरा उतरला. “अगं आई गं... तुझं कालचं...”

“गेलं.”

“थांबवूया?”

“थांबवलं की नापास. गप्प बस आता.”

तिला रडू येत होतं. मिनासच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण एवढ्या लोकांत तेही शक्य नव्हतं. कधी कधी ती चूक तासभर उगवत नसे, एवढीच काय ती आशा. विसावं मिनिट गेलं. तिसावं गेलं.

“सगळ्यात छळणारी चूक कुठली होती?” एका परीक्षक बाईंनी विचारलं.

“ते आमची अर्गिरोच सांगेल,” मॅडम कौतुकानं म्हणाल्या. “ऊठ गं, लाजू नकोस.”

अर्गिरो उठली. दोन कोर, एक ओळ, शेजाऱ्याचा पुसलेला आकडा, सगळं तिनं नीट सांगितलं. आवाज कापत होता, तो लोकांना संकोच वाटला असावा.

“आणि आता?”

“आता दोन आकडे वेगळ्या ओळींत...” तिची नजर पडद्यावर गेली.

“छान!” बाई पडद्याकडे पाठ करून वहीत लिहू लागल्या.

त्यांच्या खांद्यामागे बेरजेची पट्टी लाल झाली. काल तो रंग फिका होता. आज शेवटच्या रांगेतूनही स्वच्छ दिसत होता.