सावधान सर

“सावऽऽधान!”

आवाज मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. साऱ्या शाळेच्या टाचा एकदम जुळल्या आणि नववीचा एक वर्ग, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, मुकाट्याने खाली बसला.

कवायतीच्या मास्तरांना आधी वाटलं, कोणाला तरी घेरी आली असेल. पण अख्खा वर्ग काही एकदम घेरी येऊन पडत नाही, आणि पडला तरी मांडी घालून पडत नाही. पहिल्या रांगेच्या टोकाला त्यांची स्वतःची मुलगी बसली होती, मान खाली घालून. आदल्या दिवशी तिच्या बुटांना पॉलिश त्यांनीच करून दिलं होतं.

तेवढ्यात पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा फडकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. मास्तरांचा हात आपसूक कपाळाशी गेला.

मुलं पाठीमागे त्यांना ‘सावधान सर’ म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. गणितवाले, भाषावाले वर्षभर किती काय काय शिकवत. मास्तरांकडे शिकवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती ते जीव ओतून शिकवत: राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही. माशी बसली तरी नाही, खाज सुटली तरी नाही. एका वर्षी गांधीलमाशी त्यांच्या मानेला डसली. मान टम्म सुजली, पण मास्तर तसूभर हलले नाहीत. ही कथा ते दरवर्षी नव्या मुलांना सांगत आणि दरवर्षी ती माशी थोडी मोठी होई.

मुलं का बसली, हे त्यांना विचारायची गरजच नव्हती. शाळेच्या मागची वस्ती गेल्या महिन्यात पाडली होती, तीही भर शाळेच्या वेळात. तिथली मुलं मधल्या सुट्टीत घरी पळाली ती परत आलीच नाहीत. नववीचे बाक रिकामे पडले. मुलीच्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिला सारी शाळा ‘खार’ म्हणे, तीही गेली. खार वाऱ्यासारखी धावायची आणि तिला धावायला मास्तरांनीच शिकवलं होतं. ते हळहळले. “आपल्या हातात काय आहे?” असं घरी म्हणाले. मग ते कवायतीच्या तयारीला लागले. आणि आज दोरी ओढायला संस्थेने बोलावले होते ते नेमके तेच साहेब, ज्यांच्या सहीने वस्ती पडली.

राष्ट्रगीताची दुसरी ओळ चालू असताना संस्थेचे चिटणीस व्यासपीठावरून उतरले. तरातरा नववीच्या रांगेपाशी गेले. पहिली हाताशी आली ती टोकाची मुलगी.

“ऊठ! उभी राहा आधी!”

ती उठली नाही. त्यांनी तिची वेणी हाताला गुंडाळली आणि ओढलं. ती गुडघ्यांवर घसटत पुढे आली. बारीकसा आवाज झाला, तो गाण्यात बुडून गेला. मग तिने मान वळवून बापाकडे पाहिलं.

रागाने नाही. लहानपणी गर्दीत हात सुटला की पाहायची, तसं. सापडेलच आता, अशा खात्रीने.

मास्तरांचं अंग पेटलं. धावत जाऊन त्या माणसाचं मनगट पिरगाळावं, असं त्यांना वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण पाय उचलेना. आयुष्यभर ज्या पायांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली, त्यांनी नेमकी आज ती चोख पाळली. चिटणीस हलत होते, त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. हलायचं नव्हतं ते फक्त मास्तरांना. हे गीत संपत का नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं आणि त्या विचारानेही त्यांना चोरट्यासारखं झालं.

मुलीने मान परत खाली घातली.

गीत संपलं. मास्तरांचा हात खाली आला. आता तरी धावावं की नाही? पण तोंडातून आधी शब्द निघाला तो, “विश्राम!” मग ते धावले. तोवर चिटणिसांनी वेणी सोडली होती आणि ती आपली आपणच उठून स्कर्टची माती झटकत होती. त्यांनी हात पुढे केला. तिने तो पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

कचेरीत हेडमास्तर घाम पुसत होते. चिटणीस पाणी प्यायले आणि म्हणाले, “घरचीच पोर आवरत नाही, मास्तर? तुमच्याच डोक्यावर मिऱ्या वाटतेय.”

“साहेब, केस धरून ओढायला नको होतं...”

“काय म्हणालात?”

“नाही, म्हणजे... मुलगी आहे.”

पाहुणे साहेब मध्ये पडले. माणूस गोड बोलणारा. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “पण यांचं कौतुक करायला हवं. समोर स्वतःची मुलगी, आणि हे पुतळ्यासारखे उभे! शिस्त म्हणतात ती ही. शाब्बास!”

“म्हणूनच सांगतो,” चिटणीस जरा निवळले, “बाकीच्यांना आजपासून शाळा बंद. आईबापांना घेऊन येतील, पाया पडतील, मग बघू. तुमच्या मुलीला मात्र काही करत नाही. तुमच्याकडे बघून सोडतोय.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. मास्तरांनी मान हलवली. वर “आभारी आहे” असंही म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला.

दाराबाहेर मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“मलाही काढायला सांगा.”

“असं कसं सांगू, बाळा?”

“मी एकटीच वर्गात बसू? सगळे काय म्हणतील?”

घरी येईपर्यंत ती त्यांच्या दोन पावलं मागे चालली.

संध्याकाळी आईने तिच्या डोक्याला हात लावला तशी ती कळवळली. केसांच्या मुळाशी लाल, सुजलेला पट्टा उठला होता. आईने फणी खाली ठेवली.

“अहो, तुम्ही होतात ना तिथे?”

“राष्ट्रगीत चालू होतं,” मास्तर म्हणाले.

“मग? ते काय पळून जाणार होतं? उद्या परत म्हटलं असतं!” तिचा आवाज चढला. “लेकराचे केस उपटत होता मेला आणि तुम्ही सलाम ठोकून उभे!”

“आई, राहू दे गं,” मुलगी म्हणाली. “त्यांना नाही हलता येत.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखाद्याला कमी ऐकू येतं किंवा जिना चढवत नाही, हे समजून घ्यावं, तसं ती बोलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

ते चपला घालून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून मलम घेतलं, सुजेवर चालतं ना, असं दोनदा विचारून घेतलं. परत आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. मुलगी आतल्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसली होती. रोज ते खोलीत आले की ती पायसुद्धा आखडायची नाही. “बाबा, पंखा वाढवा ना, उभेच आहात तर,” असं वर कामही सांगायची.

ते दारात आले आणि ती उठून उभी राहिली. टाचा जुळलेल्या, हात बाजूला सरळ, नजर समोर, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी.

“बस ना गं,” ते म्हणाले. “मलम आणलंय. मी लावून देतो.”

“आई लावेल.”

“खूप दुखतंय?”

“नाही.”

ती तशीच उभी होती. मलमाची नळी त्यांनी टेबलावर ठेवली, मग नीट दिसावी म्हणून थोडी पुढे सरकवली आणि ते बाहेर आले. त्यांनी दार लोटून घेतल्यावर आत पलंग करकरला. ती बसली होती.