कोबीच्या मुळाशी गेलेलं खुरपं

मित्रांनो, मी बाभळीच्या मुठीचं एक जुनं खुरपं आहे. माझं पातं कधीकाळी एका मालट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा होतं. मिरजेच्या रहिमानभाईंनी तो तुकडा भट्टीत लाल केला, ठोकून वाकवला आणि त्याला धार लावली. शालूबाईंच्या हातात देताना ते म्हणाले होते की हे मोडायचं नाही, फक्त काम झाल्यावर पुसून ठेवत जा.

शालूबाईंचं घर मिरजेजवळच्या एका गावात. त्यांचे यजमान हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले. मुलगा यशराज कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. घराच्या मागे चार वाफे होते आणि तेच माझं जग होतं. कोबी, नवलकोल, मुळा, फ्लॉवर. मी माती मोकळी करत पुढे जायचो आणि माझ्यामागून साळुंक्या उड्या मारत यायच्या, उघड्या पडलेल्या अळ्या टिपायच्या. शेजारच्या तानुबाई मला उसनं मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या की असं खुरपं गावात दुसरं नाही. माझा ऊर भरून यायचा.

मग हंबीररावांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस सुरू झालं. काय खायचं नाही, याची यादी लांबलचक होती. उकळून पाणी काढून टाकलेला कोबी तेवढा चालत होता. दवाखान्यात शालूबाईंना काहीच करता येत नव्हतं, बाहेरच्या बाकावर बसून राहायचं एवढंच. म्हणून त्यांनी त्या वर्षी चारही वाफ्यांत कोबी लावायचा ठरवला. त्यावर एक थेंबही औषध मारायचं नाही, हेही ठरवलं.

यशराजने गाडीवरून दोन पोती शेणखत आणून टाकलं. शालूबाईंनी विचारलं, कुजलेलं आहे ना? तो म्हणाला, शेणच आहे, मातीत कुजेल. त्याला कामावर जायची घाई होती आणि त्यांना दवाखान्यात. ते खत मी पसरवलं. पसरवताना त्यात काहीतरी मऊ लागत होतं. पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या. ती हुमणी होती. त्या वेळी कुणीच वाकून बघितलं नाही.

गणपती झाले आणि रोपं दुपारची माना टाकू लागली. शालूबाईंना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. तानुबाईंना वाटलं ऊन लागतंय, म्हणून त्यांनी जुनं लुगडं बांधून सावली केली. मी मात्र कोनाड्यात पडून होतो. मित्रांनो, दुखणं मुळाला होतं आणि उपचार पानांवर चालले होते. शेवटी एक रोप नुसतं धरताच हातात आलं. खाली मूळच नव्हतं. तेव्हा शालूबाईंनी मला उचललं.

त्यांचे गुडघे दुखायचे. तरी रोज सकाळी पोत्यावर बसून त्या एकेका रोपाभोवती माझ्या टोकाने माती उकरत. अळी सापडली की साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकत. पहिल्या दिवशी एकेचाळीस निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. आठवड्याने एखाददुसरीच. अर्ध्याहून जास्त रोपं गेली होती, पण उरलेली सावरली. सतरा कोबींचे गड्डे वळू लागले. हंबीरराव मागच्या दारात खुर्ची टाकून ते मोजत बसायचे.

यशराजला आईचे सुजलेले गुडघे बघवत नव्हते. उसाला टाकतात ते दाणेदार औषध बुडख्यात टाकू, असं तो म्हणाला. शालूबाईंनी साफ नको म्हटलं.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी आई-वडील मिरजेला गेले आणि यशराजने मला हातात घेतलं. प्रत्येक कोबीभोवती माझ्याकडून गोल चर काढवला, त्यात दाणे सोडले आणि माझ्याच पात्याने माती लोटली. हे काम माझ्याकडून करून घेतलं गेलं, ही गोष्ट माझ्या लोखंडातून जात नाही.

संध्याकाळी शालूबाई परत आल्या, तेव्हा वाफ्यात दोन साळुंक्या मरून पडल्या होत्या. त्यांनी माती उकरली, दाणे बघितले आणि यशराजला हाक मारली.

"तुझं गुडघं बघवत न्हाईत, आई," तो म्हणाला. "म्या काय वाईटासाठी केलं व्हय? बाजारातल्या कोबीवर काय मारत न्हाईत?"

"मारत असतील," शालूबाई म्हणाल्या. "त्ये मला ठावं न्हाई. ह्ये ठावं हाय. ठावं असताना त्यास्नी कसं वाढू?"

यशराजने केलं ते आईसाठीच केलं होतं, आणि तेच मला सगळ्यात कडू लागतं. रागवायलासुद्धा कुणी नीट सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी माझ्याच मदतीने सतरा कोबी मुळासकट उपटले आणि लांब खड्डा घेऊन पुरले. हंबीरराव खुर्चीतून बघत होते. "एक तरी ठेव," ते म्हणाले. "माझं आता कितीसं राहिलंय?" शालूबाईंनी एकही ठेवला नाही.

पौषात हंबीरराव गेले. दुखणंच तसं होतं, दोष कुणाला नाही. पण घरचा कोबी त्यांच्या ताटात एकदाही पडला नाही. पुढे यशराजने वाफ्यांवर पेव्हर ब्लॉक बसवले. तिथे आता त्याची गाडी उभी असते. आई आणि मुलगा एकमेकांशी बोलतात, जेवलास का, आलास का, एवढंच. मला त्या दिवसापासून कुणी पुसलं नाही. गंजाने माझी धार खाल्ली आहे.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात कुणी कोबी लावला असेल. कच्चं शेण त्याच्या वाफ्यात टाकू नका. रोप मान टाकू लागलं तर आधी वीतभर माती उकरून मुळाशी काय आहे ते बघा. आणि ज्याने ते रोप लावलं आहे त्याने नको म्हटलं असेल, तर तो घरी नसताना ते करू नका. प्रेमापोटीसुद्धा नको. हुमणीतून सतरा रोपं वाचली होती.